वर कुणाचे फोटो?

सोमवारी उद्यमनगर बंद, म्हणून आमची तालीम सोमवारी.
निहालच्या मामांचं पॅटर्न शॉप : लाकडाचा भुसा,
भिंतीला टेकलेले पंपांचे साचे,
आणि ड्रमच्या ठोक्याला वरच्या फळीवरून सुटणारी धूळ
एस्तेरच्या केसांत बसते.
ती गात राहते.

वही माझ्याकडं.
गाणी पाच. पैसे एकवीस हजार,
त्यातले नऊ मिक्सिंगला गेले.
तारीख अजून नाही.

फेब्रुवारी नको, पेठांचे सामने असतात,
तेव्हा गोल सोडून कुणाला काही ऐकू येत नाही.
मार्चात एस्तेरची परीक्षा.
एप्रिलात जोतिबाची यात्रा, मामांची रिक्षा डोंगरावर.
ऐकणारे मोकळे असतील अशी तारीख
कॅलेंडरवाल्यानं छापलेलीच नाही.
शेवटी मे महिन्यातला एक गुरुवार ठरला,
कारण त्या दिवशी काय आहे
ते कुणालाच आठवेना.

बँडचं नाव तिकटी.
तीन रस्ते मिळतात म्हणून, असं अकलंक म्हणाला होता,
तेव्हा आम्ही तिघं होतो.
मग एस्तेर आली, चौघं झालो, नाव तेच ठेवलं.
मग अकलंक पुण्याला गेला
आणि नाव पुन्हा बरोबर झालं.
त्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

तीन गाण्यांत गिटार त्याची आहे.
त्याचं नाव घालायचं का,
ह्या एका ओळीवर चार सोमवार गेले.
'वाजवलंय त्यानं,' निहाल म्हणाला, 'ह्यात ठरवायचं काय?'
मी लिहिलं, खोडलं,
खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं.

लक्ष्मीपुरीतल्या फ्लेक्सवाल्यानं विचारलं,
'वाढदिवस कुणाचा?'
'कुणाचा न्हाई. गाणी येणार हैत.'
'बरं. वर कुणाचे फोटो?'
'कुणाचेच नाहीत.'
त्यानं माऊसवरचा हात काढला.
'मग फाडायला भिणार कोण, भावा?'
तरी केला त्यानं. दहा बाय सहा.
वरची ओळ निळी, मोकळी,
खाली चार नावं.

मामांनी पेट्रोलचे तेवढे घेतले.
रिक्षावर तोच भोंगा, आवाज तोच.
उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा भव्य सेल,
अमुक गल्लीतले अमुक यांचे दुःखद निधन,
सगळं ज्या सावकाश चालीत सांगतात, त्याच चालीत :
नागरिकांना कळवण्यात येते की
गुरुवारी रात्री बारा वाजता
तिकटी या बँडची पाच गाणी येत आहेत.
कृपया नोंद घ्यावी.

आम्ही सहा महिने शोधत होतो ती लय
मामांना घशातच होती.

गंगावेशीत धार काढणाऱ्यानं मान वर न करता विचारलं,
'कुठं येणार म्हणं?'
'मोबाईलवर.'
'मग रिक्षा कशाला?'
ह्याला वहीत उत्तर नव्हतं.

पुढच्या बोळात एक बाई घागर घेऊनच बाहेर आली.
पाण्याचं नाही म्हटल्यावर आत वळली,
पुन्हा दारात थांबली. 'कसली गाणी, रं?'
एस्तेरनं मागच्या सीटवरनंच दोन ओळी म्हटल्या,
भोंग्याविना.
बाईनं घागर खाली ठेवली. ऐकलं.
'बरं हाय,' म्हणाली. 'आणि पाणी कवा?'

गुरुवारी रात्री पॅटर्न शॉप, एक बल्ब, भडंगाची पुडी.
बारा दहाला ऐकणारे सहा,
त्यातले तीन आम्हीच.
बारा चाळीसला एकोणीस.
खाली गावांची यादी : कोल्हापूर, इचलकरंजी, कागल,
पुणे, एक.
'पुण्यात लाखो माणसं हैत,' निहाल म्हणाला.
'व्हय,' मी म्हणालो.
मोबाईल मात्र कुणी खाली ठेवला नाही.

चौथ्या दिवशी फ्लेक्स जाग्यावर नव्हता.
पाचव्या दिवशी सापडला,
गंगावेशीतल्या त्याच गोठ्यावर ताणलेला,
पांढरी पाठ आभाळाकडं.
मी वाकून आत गेलो.
छताला वरची निळी ओळ, आमची चार नावं,
आणि खाली म्हैस,
सावकाश रवंथ करत.